मावळातली झाडं : लावणारे आणि जगवणारे

भाजे लेण्यांना येणारे बहुतेक जण मोठं चैत्यगृह पाहतात, कमानीखाली फोटो काढतात आणि पायऱ्या उतरून परततात. लेण्यांच्या ओळीत शेवटाकडे एक छोटा विहार आहे, तिथवर फार थोडे जातात. त्या विहाराच्या ओसरीत दोन शिल्पं आहेत. एकात रथावरचा सूर्य, दुसऱ्यात हत्तीवर बसलेला इंद्र, अशी त्यांची ओळख सांगितली जाते. अभ्यासकांमध्ये त्यावर वाद आहेत, ते आपण बाजूला ठेवू. मी तिथं जातो ते इंद्रासाठी नव्हे, झाडांसाठी. इंद्राच्या हत्तीनं सोंडेत एक झाड मुळासकट उपटून धरलं आहे. आणि त्याच शिल्पात, खाली, दुसरं एक झाड आहे. त्याच्याभोवती मात्र कठडा आहे. एकाच दगडावर उपटलेलं झाड आणि राखलेलं झाड. काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. मावळात झाडाला कुंपण घातल्याचा हा दोन हजार वर्षांहून जुना पुरावा, असं मी वर्गात सांगत असे. तो कठडा पूजेच्या वृक्षाचा आहे, शेळ्यांसाठी घातलेला नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यानं कधी शेळ्यांपासून रोप राखलं आहे, त्याला या दोन्हींत फारसा फरक वाटत नाही.

मी पस्तीस वर्षं इतिहास शिकवला. माझे वडील माळी होते. खंडाळ्याला एका पारशी शेठच्या बंगल्यावर त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं बाग सांभाळली. इतिहासात माणसांची नावं येतात ती झाड लावणाऱ्याची. अमक्या राजानं आमराई लावली, तमक्या साहेबानं बाग उभारली. त्या झाडाला पहिले तीन उन्हाळे पाणी कुणी घातलं, हे कुठल्याच कागदात सापडत नाही. मावळातल्या झाडांची गोष्ट सांगताना मला म्हणूनच दोन खाती ठेवावी लागतात. एक लावणाऱ्यांचं आणि एक जगवणाऱ्यांचं.

दुसऱ्या खात्याची दखल घेणारा एक जुना लेख आहे, तो म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र. हल्ली वृक्षारोपणाच्या फलकांवर त्यातला मजकूर शिवाजी महाराजांच्या नावानं छापलेला दिसतो. लेखन रामचंद्रपंतांचं, १७१५च्या सुमाराचं. शिवकाळापासून राज्यकारभार पाहिलेल्या माणसानं त्यात जुन्या राज्यनीतीचं सार आणलं आहे, म्हणून गोंधळ होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. आरमाराला लाकूड लागतं, आंबा-फणसाचं लाकूड त्या कामाचं आहे, तरी रयतेच्या या झाडांना हात लावू नये, असं त्यात बजावलं आहे. कारण दिलं आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लावून, लेकरांसारखी बहुत काळ जतन करून वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे मोजून घ्यावं. झाडाची किंमत लाकडाच्या घनफुटावर नाही, त्याला घातलेल्या वर्षांवर धरणारं हे वाक्य एका राज्यकर्त्यानं लिहिलं आहे.

याच आज्ञापत्रात किल्ल्यांच्या प्रकरणात झाडांची यादीच येते. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ असे थोर वृक्ष लावावेत. लिंबू, नारिंग अशी लहान झाडं लावावीत. फुलझाडं आणि वेलीही लावाव्यात. उपयोगाचं असो, बिनउपयोगाचं असो, जे झाड तिथं येत असेल ते लावावं आणि जतन करावं, वेळेला निदान लाकूड म्हणून तरी उपयोगी पडेल. "येत असेल ते" ही अट मी अधोरेखित करून ठेवली आहे. माझ्या घराच्या मागं लोहगड दिसतो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात तोही आहे. माथ्यावर आज झाडं मोजकी आहेत. कातळ आणि वारा इतका, की तिथं काय "येत असेल" हे ठरवायला पंतांना बागाइतदार नव्हे, गडकरीच विचारावा लागला असणार.

मावळात काय येतं, या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि नवा माणूस फसतो तो इथंच. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस किलोमीटरवर, तळेगावात, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. एका तालुक्यात, लोकलच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात, आपण कोकणातून देशावर येतो. लोणावळ्याकडं कातळावर लाल मातीचा पातळ थर आहे. चार महिने ती चिखल असते आणि मार्चपासून वीट. वडगाव-तळेगावकडं येताना माती जाड होते, काळसर होते. जे झाड तळेगावात तरारतं ते खंडाळ्यात जुलैत मुळं कुजून मरतं, आणि पावसाळ्यात तगलेलं मेमध्ये करपून जातं. बाराही महिने एकसारखं हवामान इथं नाहीच. झाडाला एकाच वर्षात दोन वेगवेगळ्या देशांत राहावं लागतं म्हणा ना.

आता मावळाच्या पाण्याबरोबर थोडं खाली जाऊ. मावळात उगम पावलेली पवना दापोडीपाशी मुळेला मिळते. त्या परिसरात, इंग्रज ज्याला दापुरी म्हणत तिथं, १८२८च्या सुमाराला सर जॉन माल्कमच्या काळात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ पासून ते डॉ. अलेक्झांडर गिब्सनच्या हाताखाली होतं. हा पेशानं डॉक्टर, वृत्तीनं माळी. औषधी वनस्पती वाढवायच्या, परदेशातून आलेलं बी रुजतं का ते पाहायचं, रोपं वाटायची, हा उद्योग. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. १८६१ साली डॅल्झेलबरोबर लिहिलेलं त्याचं 'द बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध झालं. गिब्सननं दापुरीच्या बागेतल्या झाडांची चित्रं १८४७ ते १८५० या काळात काढवून घेतली होती. दीडशेहून अधिक चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. २००२ साली त्यांवर मोठं पुस्तक निघालं. पान न् पान, पाकळी न् पाकळी ज्यानं निरखून रंगवली, तो चित्रकार इथलाच होता. त्याचं नाव लिहून ठेवलेलं नाही. पुस्तकाच्या नावात गिब्सन आहे. हे वाचलं तेव्हा मला आबांची, म्हणजे वडिलांची, आठवण झाली.

दापुरीची बाग १८६५ साली बंद झाली. काही वर्षांनी गणेशखिंडीत नवं उद्यान आलं. तिथला अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यानं 'गार्डनिंग इन इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. विलायतेतून आलेल्या मंडळींना इथल्या हवेत बाग कशी करावी, हे सांगणारं हे पुस्तक. त्याला गिऱ्हाईक तयार होतं, कारण १८६३ साली बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला होता. मुंबईहून खंडाळा-लोणावळा एका दिवसाच्या आत आलं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत शेठ-सावकार, गिरणीमालक, साहेब यांचे बंगले डोंगराच्या कडेकडेनं उभे राहिले. बंगला म्हटला की बाग आली, आणि बाग म्हटली की मुंबईच्या माणसाला जे माहीत होतं किंवा विलायती पुस्तकात जे छापलं होतं ते आलं. ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक, मादागास्करचा गुलमोहर, दक्षिण अमेरिकेतला जॅकरंडा, ब्राझीलची बोगनवेल. या परक्या झाडांची मला चीड नाही. मिरची आणि पेरू परके म्हणून आपण सोडले आहेत का? प्रश्न एवढाच, की ती निवडताना इथला पाऊस कुणी विचारात घेतला होता.

आबांच्या बंगल्यावर हायड्रेंजियाच्या कुंड्या होत्या. आबा त्याला 'हैदरांजी' म्हणत. खंडाळ्याच्या लाल आम्ल मातीत त्याची फुलं निळी येत. बाईसाहेबांना गुलाबी हवी असत. विलायतेतल्या त्यांच्या बहिणीकडं गुलाबी येत म्हणे. आबा वर्षभर चार कुंड्यांत चुन्याची निवळी घालत, बाईसाहेब मे महिन्यात आल्या की त्या चार पुढं मांडत आणि बाकीच्या निळ्या मागं सारत. मातीत आम्ल जास्त असलं की ॲल्युमिनियम मुळांना लागू पडतं आणि फूल निळं होतं, चुन्यानं ते अडतं, हे शास्त्र मला पुढं पुस्तकात सापडलं. आबांनी ते चुना लावलेल्या ओट्याजवळच्या एका कुंडीवरून ताडलं होतं.

बोगनवेलीचं त्यांचं गणित असंच. पावसाळा सरला की सपाट छाटायची, दिवाळीनंतर पाणी तोडायचं. "हिला उपाशी ठेवली की फुलती," म्हणायचे. २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाच्या दुभाजकावर तीच बोगनवेल आणि कण्हेर लावलेली पाहून मला कौतुक वाटलं होतं. निवड विचारपूर्वक होती. दोघीही पाण्यावाचून राहतात, आणि कण्हेर विषारी असल्यानं तिला गुरं तोंड लावत नाहीत.

सगळ्याच निवडी अशा निरुपद्रवी ठरल्या नाहीत. अमेरिकेतून एक शोभेचं झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आलं. बारीक रंगीबेरंगी फुलांचे गुच्छ, कुंपणाला दाट, छाटलं तर पुन्हा फुटणारं, पाणी न मागणारं. बागवानाला याहून काय हवं? तीच आपली घाणेरी, टणटणी. पाखरांनी तिची काळी फळं खाल्ली आणि कुंपणाबाहेर नेली. आज ड्यूक्स नोजच्या वाटेवर, राजमाचीच्या वाटेवर, करवंदाच्या जाळ्या जिथं असायच्या तिथं घाणेरी माजलेली दिसते. काळजी घ्यावी न लागणारं झुडूप निवडताना दोनदा विचार करावा, असं मला तेव्हापासून वाटतं. ज्याला कुणाचीच गरज नाही ते कुणाचंच ऐकत नाही.

इथं मूळचं काय येतं, याची नीट यादी करणारा माणूस शेवटी आला तो स्पेनहून. फादर सांतापाव, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले येशूसंघी पाद्री. खंडाळ्याला त्यांच्या संघाचं विश्रामघर होतं. १९४०च्या दशकात तिथून पायी हिंडून त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पती गोळा केल्या. कुठलं झाड कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या महिन्यात फुलतं, कधी फळतं, हे टिपत गेले. 'द फ्लोरा ऑफ खंडाळा' १९५३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं प्रसिद्ध केलं. पुढं ते त्या संस्थेचे प्रमुख झाले, १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९७० साली मुंबईतच ते वारले. एका छोट्या थंड हवेच्या गावाला असा ग्रंथ लाभणं हे भाग्य आहे. पण बंगलेवाल्यांपैकी कुणी तो बागेसाठी उघडला असेल, असं मला वाटत नाही. बागेत लावायचं ते दुरून आणलेलं, आणि कुंपणाबाहेर असतं ते जंगल, अशी ती विभागणी होती. आबांनी या पाद्रीबाबांना वाटेत कधी पाहिलं होतं का? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. ज्या वर्षांत ते डोंगर हिंडत होते, त्याच वर्षांत आबा कुंपणाच्या आत झारी घेऊन उभे होते.

कुंपणाबाहेरही जतन करण्याची एक रीत होतीच, ती देवराईची. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून त्यांवर लिहिलं, तेव्हा शहरातल्या वाचकांना त्यांचं मोल कळलं. मावळात पवना खोऱ्याच्या बाजूला आजिवलीची देवराई आहे, भेर्ली माडांसाठी नावाजलेली. देवराईत निवड नाही, छाटणी नाही, खत नाही. फक्त हात न लावणं. ते सोपं वाटतं, पण पिढ्यान्‌पिढ्या एखाद्या गोष्टीला हात न लावणं ही बागकामातली सगळ्यात अवघड कसरत आहे.

बंगल्याचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. शेठ गेले, वारस परदेशी, आणि १९९०च्या दशकात जागा विकली गेली. तिथं सदनिका झाल्या. आबा १९९१ सालीच गेले होते, म्हणून त्यांना ते पाहावं लागलं नाही. मी शेवटचा गेलो तेव्हा जेसीबीनं सिल्व्हर ओकची रांग आडवी केली होती. एक सीता अशोक होता, आबांनी बी रुजवून केलेला. त्याचं खोड कापून रस्त्याकडेला ठेवलं होतं. मुकादमानं विचारलं, "काय पायजे?" काय हवं होतं ते मला सांगता आलं नाही. ओढ्याकडच्या बाजूला सोनटक्क्याचं बेट शाबूत होतं. तेवढे दोन कंद उकरून पिशवीत घातले.

त्याच सुमाराला मी भाज्याच्या पायथ्याला दहा गुंठे जमीन घेतली होती. माळ्याचा मुलगा, त्यात चार पुस्तकं वाचलेला, म्हणजे बाग आपल्याला येतेच अशी समजूत. महामार्गावरच्या एका रोपवाटिकेतून चाळीस रोपं आणली. चिकू, नारळ, संत्रं, कलमी गुलाब, आणखी बरंच. जूनमध्ये खड्डे खणले आणि लावून मोकळा झालो. जुलैत प्रत्येक खड्डा म्हणजे एक विहीर झाली. ऑगस्टअखेर एकोणतीस रोपं गेली होती. रोपवाटिकेवाल्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यानं मी मागितलं ते दिलं होतं.

मग आबा खड्डे कसे करत ते आठवायला बसलो. ते खड्डा एप्रिलमध्ये खणत, मोठ्या झाडाला तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, झुडपाला दोन फूट. महिनाभर ऊन खाऊ देत. मग वळिवाच्या आधी पालापाचोळा, कुजलेलं शेणखत आणि वरची माती घालून तो भरत, आणि भरत ते जमिनीच्या वर वीतभर टेंगूळ येईपर्यंत. "वर टेकाड दिसलं पायजे, रोपाची मान कोरडी राहिली पायजे." पावसात ते टेकाड बसायचं, तरी पाणी बाजूनं निघून जायचं. दसऱ्याला त्याच टेकाडाभोवती माती ओढून आळं करायचे, आणि आता पाणी बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था. म्हणजे एकाच रोपाला जूनमध्ये उंचवटा आणि ऑक्टोबरमध्ये खळगा. दोन देशांत राहणाऱ्या झाडाला दोन घरं. मी हे लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी झाडं निवडली ती सांतापाव यांच्या पुस्तकाशी आणि शेजारच्या डोंगराशी ताडून. मोठ्यांत जांभूळ, आंबा, हिरडा, ऐन, ओलाव्याच्या कोपऱ्यात उंबर. फुलांसाठी बहावा, ताम्हण, पांगारा. सीता अशोक सावलीत, घराच्या उत्तरेला. झुडपांत कुडा, धायटी, मुरुडशेंग, आणि कुंपणाला करवंद. तिच्या काट्यांपुढं शेळीही विचार करते. आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर. उन्हाळ्यासाठी प्रत्येक मोठ्या झाडाशेजारी तळाला भोक पाडून वात बसवलेलं मडकं पुरलं, तीन-चार दिवसांनी ते भरायचं. तीन उन्हाळे हे काम नेमानं केलं. चौथ्या उन्हाळ्यात झाडांनी मला मोकळं केलं. होळीच्या आधी कुंपणाबाहेर सहा हात पट्ट्यातलं गवत कापून काढायचं, ते मात्र अजून चुकलेलं नाही. डोंगरावरून वणवा कधी उतरेल सांगता येत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आमच्यावर आलं. मावळात गुलाबाची हरितगृहं फार. फेब्रुवारीत प्रेमदिनासाठी परदेशी जाणारी फुलं इथलीच. त्या दिवशी त्यांचे कागद फाटून शेतोशेत उडाले, सांगाडे वाकले, कर्ज काढून उभं केलेलं अनेकांचं एका दुपारीत गेलं. माझ्याकडं रस्त्यालगतचा, आधीच्या मालकाच्या वेळचा गुलमोहर आडवा झाला. त्याची मुळं ताटासारखी उघडी पडली होती, इतकी उथळ. जांभळाची एक फांदी गेली, बाकी ते उभं राहिलं. मी याला देशी झाडाचा विजय वगैरे म्हणणार नाही. शेजाऱ्यांचा जुना आंबाही त्याच वादळात पडला, आणि तो काही मादागास्करचा नव्हता.

झाडांबद्दल एवढं बोललो, पण बहुवर्षायू म्हणतात त्या कंदवर्गी झाडांबद्दल सांगायचं राहिलं. माझी खरी फजिती तिथंच आहे. मावळातल्या पावसाळी फुलांची गंमत अशी, की त्यांतली बरीचशी मरत नाहीत, निजतात. रानहळद, पेव, कळलावी ही जून-जुलैत उगवतात, फुलतात आणि थंडीत वरचा भाग वाळून जातो. खाली कंद जिवंत असतो. आठ महिने तिथं काही नाही असं दिसतं. अशा जागेवर खूण करून ठेवावी, कुदळ घालू नये, पाणी तर मुळीच घालू नये. निजलेल्याला पाणी घातलं की तो कुजतो. सोनटक्क्याला ओल असली तर तो हिरवा राहतो, माझ्या कोरड्या कोपऱ्यात तो मार्चमध्येच पिवळा पडून वाळला. बंगल्यावरून आणलेले ते दोन कंद, दोन पावसाळ्यांत त्यांचं लहानसं बेट झालं होतं. मी पुण्याहून एका रविवारी आलो, वाळका पाचोळा पाहिला, गेलं म्हणून सगळं उपटलं आणि उकिरड्यावर टाकलं. मृगात काही उगवेना तेव्हा चूक कळली. आबांच्या बागेतलं शेवटचं जे काही होतं ते मी माझ्या हातानं टाकलं होतं. घरी कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी गौरी यायच्या दिवशी शेजारच्या मावशी तेरडा आणि फुलं घेऊन आल्या. पाटीत पांढरीशुभ्र सोनटक्क्याची फुलं होती, ओटीवर वास भरून गेला. मी विचारलं, कुठून आणलीत? "कुठनं म्हंजे? तुमचीच हायेत की. तुमी गड्डे उकिरड्यावं टाकल्यालं. जित्तं व्हते. म्या नेऊन मोरीच्या पान्यावं लावलं." त्यांच्या न्हाणीच्या सांडपाण्याच्या पाटाला छातीएवढं बेट झालं होतं.

दुसऱ्या मेमध्ये त्यांनी मला त्यातले सहा गड्डे परत दिले, वरून माती न धुता, ओल्या गोणपाटात गुंडाळून. ते मी माझ्या मोरीच्या बाहेर लावले आहेत. आता उन्हाळ्यातही त्यांची पानं हिरवी राहतात.